थोरलीचा जबाब

पैज लागली ती सलूनच्या बाकावर. बर्फवाला दाढी करून घेत होता. अर्ध्या गालाला फेस, अर्धा गाल मोकळा, तोंड मात्र पूर्ण चालू.

"त्या होडीत तो अजून आहे," तो म्हणाला. "माझा शब्द लक्षात ठेवा."

"कोण तो?" मी विचारलं. माहीत होतं मला. पण बर्फवाल्याकडून वदवून घेण्यात एक मजा असते.

"नाखवा! दुसरा कोण? माणूस गेला आणि होडी एकटी घरी आली. अशी होडी रिकामी येत नसते."

"रिकामी कुठं आली? उंदीर होते की."

सलूनवाला हसला, वस्तरा हलला, बर्फवाला किंचाळला. एवढ्यावर मिटलं असतं. पण माझं दुकान समोरच, दोरखंड, खिळे, सूत, रंग, तेल, होडीला लागेल ते सगळं, आणि त्या दिवशी गिऱ्हाईक नव्हतं. रिकामा मी म्हणजे गल्लीला ताप. बर्फवाल्याच्या चपलांना आतून डांबर लावणारा मीच, आणि सलूनच्या गरम पाण्याच्या भांड्यात जिवंत खेकडा सोडणाराही मीच. कोणाचं काही हरवलं, बिघडलं, उलटं टांगलेलं सापडलं, की लोक आधी माझ्या नावानं शंख करतात आणि मग शोधायला लागतात.

"लाव पैज," मी म्हणालो. "आत कोणी नाही, नुसतं लाकूड आहे. होडी पाण्यात उतरायच्या आत तुला तिच्यात काही दिसलं, ऐकू आलं, तर मी हरलो. नाहीतर तू."

"हरेल त्यानं काय करायचं?"

अशा वेळी सलूनवाल्याला फार सुचतं. "बाजारात, भर लिलावात, बर्फाच्या लादीवर बसायचं. लादी संपेपर्यंत. मध्ये पोतंबितं काही नाही."

"कोणी का हरेना, लादी माझीच जाणार," बर्फवाला कुरकुरला.

"बूड वाचलं तर लादीचं काय घेऊन बसलास?"

तो विचारात पडला. बर्फवाल्याचं डोकं त्याच्या मालासारखं आहे, उशिरा वितळतं. मग त्यानं फेसात बोट नाचवलं. "एक अट. हा सोंगाड्या आहे. मला टरकवायला मिळतंय म्हटल्यावर हा स्वतः पैज हरेल. तेव्हा ह्यानं काही सोंग केलं असं कळलं, तरी हाच हरला."

"म्हणजे आवाज आला तरी मी हरलो, आणि आवाज मी काढला तरी मीच हरलो?"

"हो."

"चल, दिली टाळी." मला काय, आवाज येणारच नव्हता.

होडीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, नाव काहीतरी भारी रंगवलेलं होतं, पण घरात आणि किनाऱ्यावर तिला सगळे थोरलीच म्हणायचे. नाखव्याच्या लग्नाआधीपासून ती घरात. नाखवीण नवी नवरी आली तेव्हा नाखव्यानं तिला थेट किनाऱ्यावर नेलं. "ही थोरली, तू धाकटी. हिचं आधी बघायचं, मग आपलं, बरं का." बरं का हे त्याच्या प्रत्येक वाक्याला शेपटासारखं लागलेलं. जाळं फाटलंय, बरं का. वारा फिरलाय, बरं का. झोपेत घोरतानाही शेवटी बरं का म्हणतो, असं नाखवीण आम्हाला सांगायची आणि तो तिच्यामागे वल्हं घेऊन धावायचा. सवत म्हणून ती थोरलीला शिव्या घालायची. आणि दरवर्षी खरवडून रंगही तीच लावायची.

मागच्या हंगामाच्या शेवटी त्याचा जोडीदार तापानं पडला आणि नाखवा एकटाच गेला. सकाळी भरतीबरोबर थोरली आली. इंजिन थंड. जाळं घडी करून ठेवलेलं. डब्याचं झाकण उघडलेलंही नाही. सुकाणूवर कोणी नाही, आणि तरी ती खडकांच्या मधल्या वाटेनं, जिथं चांगले चांगले घासून निघतात तिथून, नेमकी वळत आली आणि आपल्या जागेवर वाळूला टेकली. जशी म्हैस स्वतःहून गोठ्यात येते तशी. मी तेव्हा दुकान उघडत होतो. कुलूप हातातच राहिलं.

शोधायचं तेवढं शोधलं सगळ्यांनी. काही मिळालं नाही. मग समुद्र बंद झाला, सगळ्या होड्या वर ओढल्या गेल्या, थोरलीही ओंडक्यांवर चढली. यंदा पावसानं लवकर उघडीप दिली आणि ऊन तापायला लागलं. आमच्या किनाऱ्यावर झाड नाही, दुपारची सावली असते ती होड्यांचीच. प्रत्येक होडीखाली माणसं घोरत पडलेली, कुत्री पाय वर करून. थोरली सगळ्यात रुंद, तिची सावली सगळ्यात मोठी. तिच्याखाली कुत्रंसुद्धा झोपायचं नाही. सावलीच्या कडेपर्यंत यायचं, नाक पुढं करायचं, आणि वळसा घालून उन्हातून जायचं.

किनाऱ्याचा मुकादम सरळ माणूस, म्हणजे दगडासारखा सरळ. त्यानं नाखविणीला सांगितलं, "जागा कमी आहे. मोठ्या उधाणाला जी उतरेल आणि जिच्यावर चालवायला माणसं चढतील ती होडी. बाकीचं लाकूड. लाकडाला मी इथं जागा देत नाही, फोडून टाकतो."

"आणि फोडल्यावर मी काय करू?"

"तुला भाऊ आहे ना?"

भाऊ होता. भावाची बायकोही होती, आणि तिनं आधीच निरोप धाडला होता की बाईमाणूस एकटं असेल तर पडवीत जागा आहे, म्हाताऱ्याची सोय मात्र होणार नाही. म्हातारा म्हणजे नाखव्याचा बाप. जन्मभर होड्या बांधणारा सुतार. ठोकून ठोकून कान गेलेले, डोळ्यांवर पडदा आलेला, पण हात शाबूत. नाखवीण त्या निरोप्याला म्हणाली, "सांग तिला, पडवीत कोंबड्या ठेव." आणि मोगरी घेऊन थोरलीखाली शिरली. सोबत म्हातारा.

कामाला दुसरं कोणी मिळेना. माणूस खाल्लेली होडी म्हणून सुतार येईनात. चालवायला म्हणाल तर गावातले दोघं साडू तयार झाले होते, तेही दुसरीकडून हाकलले गेले म्हणून. एकाला बोट लागते, दुसऱ्याला काम. ते म्हणाले, उतरली तर चढू.

आता कलफतीचं काम कसं चालतं ते सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. फळी-फळीमध्ये फट असते. त्या फटीत तेलात भिजवलेली सुताची वेणी बोथट पटाशीनं ठोकून बसवायची, वरून राळ. हे दोघांचं काम. एक बाहेरून ठोकतो. दुसरा आत बसून फटीवर तळवा धरून असतो. सूत पार आतल्या कडेला येऊन टेकलं की तळव्याला कळतं, मग आतला एक ठोका देतो. त्याला म्हणायचं जबाब. जबाब आला की बाहेरचा पुढं सरकतो. जबाब आल्याशिवाय सरकायचं नाही, मग हात मोडो. फट अर्धी भरून पुढं गेलेला माणूस समुद्रात स्वतःच्या बापालाही सापडत नाही.

म्हातारा बाहेर, नाखवीण आत, असं त्यांचं चाले. म्हाताऱ्याला ऐकू येत नाही, म्हणून तो प्रत्येक ठिकाणी ठोकून झालं की गाल फळीला लावायचा. जबाब त्याला गालात कळायचा. दिवसभर उन्हात ते बघायचं: चार टोले, गाल. चार टोले, गाल. म्हाताऱ्याचा एक गाल डांबरानं काळा, दुसरा पांढरा. मी एकदा म्हणालो, "आजोबा, दुसऱ्या गालावरही घ्या, नाहीतर वरात निघेल तेव्हा फोटो वाकडा येईल." त्याला ऐकू गेलं नाही. नाखवीण आतून हसली. बऱ्याच दिवसांनी हसली ती.

एका दुपारी ती माझ्या दुकानात सूत न्यायला आली. वारा पडलेला. समुद्र ओसरून लांब गेलेला, चिखल नुसता चकाकत होता. दाराच्या चौकटीत उभं राहून ती पदरानं मान पुसत होती. हातांना भेगा, भेगांत राळ.

"भावजी, मागचं सूत कुजकं दिलंत."

"कुजकं नाही वहिनी, अनुभवी."

"तुमच्या तोंडातच कलफत केली पाहिजे."

मी लडी काढत होतो. बाहेरून म्हाताऱ्याच्या मोगरीचे टोले येत होते. चार टोले. मग थांबला. मग आला जबाब.

ठक. आणि मागाहून एक बारीकसं ट. जसं निघता निघता काहीतरी विसरलेलं सांगावं.

मी लडी तिच्या हातात ठेवली. तिनं ती धरली नाही. लडी खाली पडली, उलगडत दारापर्यंत गेली.

पुन्हा चार टोले. पुन्हा ठक… ट.

"आत कोण बसलंय?" मी विचारलं.

"मी," ती म्हणाली. मग स्वतःकडे बघितलं, माझ्या दुकानाच्या फरशीवरच्या स्वतःच्या पायांकडे. "मी असते आत."

आम्ही धावलो नाही. का कोण जाणे, चालतच गेलो, दबकत, झोपलेल्या माणसाजवळून जातात तसे. म्हातारा ठोकत होता. गाल लावत होता. सरकत होता. आम्हाला बघून तो थांबला. आधी तिच्याकडे बघितलं, मग होडीकडे, मग परत तिच्याकडे.

"तू बाहेर कधी आलीस?"

तिनं माझ्या दुकानाकडे बोट केलं.

"बराच वेळ झाला चांगला जबाब देतेस," म्हातारा म्हणाला. "मी मनात म्हटलं, शिकली पोरगी. अगदी त्याच्यासारखा देते. शेपूट लावून."

मी काठावर पाय देऊन वर चढलो आणि आत बघितलं. हे मी शूर म्हणून केलं नाही. मला वाटलं, कोणीतरी माझ्यावर माझाच डाव उलटवतंय, आणि असा गुणी कोण निघाला ते बघावं. आत कोणी नव्हतं. तिची मोगरी तिनं ठेवली होती तिथंच, पोत्यावर. तळाशी कोरडी धूळ, धुळीत तिच्याच पावलांचे ठसे. फक्त फटीलगत, म्हाताऱ्यानं जिथं जिथं ठोकलं होतं तिथं तिथं आतल्या बाजूनं तळव्याएवढे ओले डाग. एकापुढं एक, रांगेत. ऊन त्यांच्यावर पडत होतं आणि ते सुकत नव्हते.

मी खाली उतरलो. नाखवीण म्हणाली, "भावजी, तुम्ही नाही ना?"

"तुमच्यासमोर लडी काढत होतो की."

"दोरी बांधून वगैरे?"

"नाही वहिनी. शपथ घेतली असती, पण माझ्या शपथेला किनाऱ्यावर कोण विचारतं?"

"तुम्ही असतात तर बरं झालं असतं," ती म्हणाली.

मला वाटलं, आता ही पडवीत जाणार, कोंबड्यांत. पण तिनं दुकानातून लडी गोळा करून आणली, तेलाच्या डब्यात बुडवली, पदर खोचला आणि म्हाताऱ्याशेजारी बाहेर बसली. त्या दिवसापासून आत कोणी बसलं नाही. दोघंही बाहेरून ठोकायचे, एक ह्या बाजूनं, एक त्या. आणि दोन्हीकडे जबाब यायचा. काम दुपटीनं पळायला लागलं. मी सूत, तेल पोचवायला जायचो, आणि खरं सांगतो, मला बोलायला काही सुचायचं नाही. तीच बोलायची. ठोकता ठोकता फळीशी.

"आता आठवण आली का कामाची? घरात होतात तेव्हा एक खिळा मारायला दहा वेळा सांगावं लागायचं."

ठक… ट.

"बरं का म्हणे. झालं तुमचं बरं का करून."

तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. मोगरी मात्र पटाशीवरून निसटून बोटांवर बसायची. नखं काळीनिळी झाली होती सगळी.

मग एका जागी जबाब थांबला.

तळाच्या कण्यालगतची फळी. दिसायला अख्ख्या होडीत तीच सगळ्यात धड, मागच्याच वर्षी रंगवलेली. तिनं ठोकलं, वाट बघितली. काही नाही. अजून सूत भरलं, अजून ठोकलं. काही नाही. बाजूच्या फटीवर ठोकलं तर लगेच, ठक… ट. परत इथं, गप्प.

म्हाताऱ्यानं फळी बोटांनी वाजवली, तळवा ठेवला. "लाकूड चांगलं आहे. चल पुढं."

ती मान हलवून नाही म्हणाली.

"अगं उधाण आलं तोंडावर! एका फटीपायी बसून राहशील?"

तिनं त्याचा काळा गाल धरला आणि फळीला टेकवला. मग स्वतः ठोकलं. म्हातारा गुडघ्यांवर, तोंड वाकडं करून, डोळे मिटून थांबला. खूप वेळ थांबला. मला त्याच्या मानेची शीर उडताना दिसत होती. मग त्यानं डोळे उघडले आणि एकच शब्द बोलला.

"काढ."

फळी काढायला दुपार गेली. खिळे निघाले ते सुईसारखे झिजलेले. फळी बाहेर आली आणि मागची लाकडी बरगडी दिसली, काळी, फुगलेली, पावसात राहिलेल्या पावासारखी. म्हाताऱ्यानं अंगठा टेकवला तर अंगठा आत गेला. लाटेचा एक दणका, की तळ सुटला असता. वरून रंग, बाहेरून धड, नुसतं वाजवून कोणाला कळलं नसतं.

आणि त्या भगदाडातून पाणी आलं. इतके दिवस उन्हात तापलेल्या होडीतून, धार लागून. मी हात धरला. बर्फासारखं गार. जिभेला लावलं, खारट. वाळूत ते मुरलंही नाही, सरळ रेष काढत समुद्राच्या दिशेनं गेलं, चिखल ओलांडून.

नाखवीण ती धार संपेपर्यंत बघत उभी राहिली. मग म्हणाली, "हे आधी सांगायचं होतं. जायच्या आधी."



त्यांनी नवी बरगडी घातली, नवी फळी वाफेवर वाकवून बसवली. वाकवताना फळी उसळली आणि म्हाताऱ्याच्या खांद्यावर बसली, तो हात त्याला नंतर डोक्यापर्यंत नेता येईना. जेवताना सून घास करून द्यायची आणि तो चिडून तोंड फिरवायचा, मग खायचा. नव्या फटीवर त्यानं दुसऱ्या हातानं टोले घातले. जबाब आला.

ह्यातलं बर्फवाल्याला काही माहीत नव्हतं. उधाणाच्या आधी तो एका दुपारी बर्फाचा गाडा घेऊन किनाऱ्यावर आला. नाखवीण आणि म्हातारा जेवायला घरी गेले होते. मी तेलाचा डबा ठेवून परत निघालो होतो.

"काय रे, पैजेचं काय?" तो म्हणाला. "चल, आज निकाल लावून टाकू. गाडा धर, उतार आहे."

मी दोन्ही हातांनी गाड्याची दांडी धरून उभा राहिलो. "जाऊ दे ना. ऊन किती आहे."

"टरकलास!" त्याला एवढा आनंद मी आयुष्यात दिला नव्हता. त्यानं बर्फ उचलायचा आकडा घेतला, फळीवर तीनदा आपटला आणि नव्या फळीला कान लावला. "नाखवा! आहेस का रे? बर्फ हवा का?"

काही नाही. तो माझ्याकडे बघून दात दाखवायला लागला.

ठक.

दात तसेच राहिले.

ट.

तो हलला नाही. कान फळीला चिकटल्यासारखा, एक डोळा माझ्यावर, त्या डोळ्यात नुसतं पांढरं. मग आकडा पडला आणि तो पळाला. त्याच्या कानातून पाणी गळत होतं, खांद्यावर शर्ट भिजला होता. गाडा मी चाकाला दगड लावून तिथंच सोडला, थोरलीच्या सावलीत. संध्याकाळी त्याचा पुतण्या गाडा न्यायला आला तेव्हा लादी जशीच्या तशी होती. दुपारभर उघड्यावर पडून तिच्या कडासुद्धा मोडल्या नव्हत्या.

बर्फवाल्याला हुडहुडी भरली. तो घरात पांघरुणात पडून राहिला, आणि मला वाटलं, सुटलो.

उधाणाच्या दिवशी सगळा किनारा लोटला. ओंडक्यांना चरबी लावली, दोर लावले. थोरली करकरली, हलली, मग एकदम सुटली आणि पाण्यात गेली. मुकादम गुडघाभर पाण्यात उभा. भरती चढत गेली, थोरली उचलली गेली. मुकादमानं आत चढून तळ बघितला. वाळलेला. काडी टाकली तर काडी कोरडी.

"होडी झाली," तो म्हणाला. "माणसं चढवा."

साडू निघाले. मोठ्या साडूनं एक पाय काठावर टाकला, आणि मागून आरोळी आली. "चढू नका!"

बर्फवाला. अंगावर घोंगडी, पायांत दोन वेगवेगळ्या चपला. "आत तो आहे! मी ऐकलंय, ह्या कानानं! विचारलं आणि त्यानं जबाब दिला!"

मोठ्या साडूचा पाय परत पाण्यात. धाकटा तर वाळूत पोचलासुद्धा. लोक मागं सरकले, आपोआप, कुत्री सरकायची तसे. मुकादमानं होडीकडे बघितलं, साडूंकडे बघितलं.

"चढता की नाही?"

साडूंनी माना खाली घातल्या.

"मग लाकूड," मुकादम म्हणाला. "कुऱ्हाडी आणा."

नाखवीण होडीत उभी होती, सुकाणूचा दांडा धरून. सगळ्या गर्दीतून तिनं फक्त माझ्याकडे बघितलं. मदत मागायला म्हणून नव्हे. एवढं खरं आहे आणि एवढं सांगता येत नाही, हे माहीत असलेला दुसरा माणूस मीच होतो म्हणून.

मी हसायला लागलो. मोठ्यानं. पोट धरून, वाळूत बसून.

"अरे बर्फ्या! अरे घोंगडीच्या! मी होतो रे तो!"

सलूनवाला म्हणाला, "काय?"

"मी! दोरी, दोरीला मोगरी, ओंडक्याच्या मागून. ठक, ट! काय पळाला! चपला टाकून पळाला!" आणि मी तो कसा पळाला ते करून दाखवलं. डोळे पांढरे, कान धरलेला. मी बोलत सुटलो. माझ्या गोष्टीत एक भोक होतं, माणूस जाईल एवढं, पण मी बोलायला लागलो की लोक भोकं बघत नाहीत. आधी कोणीतरी फिसकन हसलं. मग साडू हसले. मग सगळा किनारा. "वाटलंच होतं!" "ह्याच्याशिवाय दुसरा कोण!" इतक्या वर्षांची माझी वाईट अब्रू, त्या दिवशी पहिल्यांदा कामी आली.

म्हातारा गर्दीतून आला. त्याला ऐकू गेलं नव्हतं, कोणीतरी त्याला खाणाखुणांनी सांगितलं होतं: जबाब ह्यानं दिला, ह्यानं. तो माझ्यासमोर उभा राहिला. माझ्याकडे बघितलं. मग होडीत उभ्या सुनेकडे बघितलं. मग चालणारा हात उचलला आणि सगळ्यांदेखत माझ्या कानाखाली वाजवली.

मार खाण्यात माझी हयात गेली आहे. कुठली चपराक रागाची आणि कुठली नुसती आवाजाची, मला कळतं. ही नुसती आवाजाची होती.

मुकादमाला तरीही खात्री हवी होती. त्यानं हातातली काठी थोरलीच्या बाजूवर आपटली. "बघू, आता कोण जबाब देतं!"

सगळे गप्प झाले. मी हसू तोंडावर तसंच धरून ठेवलं. पाणी होडीला लागून चुबकत होतं. नाखविणीनं खाली वाकून आतल्या बाजूनं फळीवर तळवा ठेवला, रडक्या मुलाच्या तोंडावर ठेवतात तसा, हलकाच, पण दाबून.

काही नाही. पाणी. दूर एक पाखरू.

"चढा," मुकादम म्हणाला, आणि साडू चढले.

माझी वरात तिथूनच बाजारात निघाली. सलूनवाल्यानं अट सगळ्यांना मोठ्यानं वाचल्यासारखी सांगितली: सोंग केलं, पकडला गेला, हरला. लिलाव थांबला. मासेवाल्या बायांनी टोपल्या सरकवून जागा केली. बर्फवाल्यानं स्वतः निवडून लादी आणली, सगळ्यात मोठी, आणि मी पोतं न घेता तिच्यावर बसलो.

"कसं वाटतंय, भावजी?"

"सासुरवाडीला आल्यासारखं! नुसती ऊब!"

कोणी माझ्या डोक्यावर रिकामी टोपली घातली. कोणी गळ्यात जुनं जाळं. एका बाईनं विचारलं, आता बायकोला काय उपयोग तुमचा, आणि सगळा बाजार टोपल्या बडवून हसला. मी सगळ्यांना उलट उत्तरं देत होतो. मांड्या बधिर झाल्या, मग कंबर. बाजाराच्या उघड्या बाजूनं समुद्र दिसत होता. थोरली खडकांच्या मधल्या वाटेला लागली होती. नाखवीण सुकाणूवर, साडू पुढं. होडी नेमकी वळत होती, न घासता, जशी तिला पाठ असावी.

हळूहळू लोकांना कंटाळा आला. लिलाव परत सुरू झाला. बर्फवाला एकटा माझ्यासमोर उभा राहिला, घोंगडी घट्ट धरून. त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी वितळत होतं.

"ए," तो हळूच म्हणाला. "तू होतास ना तो?"

"म्हणजे काय! बसलोय की लादीवर."

"ओंडक्याच्या मागं?"

"ओंडक्याच्या मागं."

त्याचे ओठ हलत होते, हिशेब मांडल्यासारखे.

"गाडा उतारावर होता," तो म्हणाला. "गाडा गडगडला नाही."

मी गळ्यातलं जाळं सारखं केलं.

"दांडी तू धरली होतीस. दोन्ही हातांनी. मी तुझ्याकडे बघत होतो."

त्यानं मान वळवून समुद्राकडे बघितलं. थोरली खडक ओलांडून मोकळ्या पाण्यात गेली होती, तिघं माणसं तिच्यावर, एवढीएवढीशी. त्यानं तोंड उघडलं. बाजार भरलेला होता, एक आरोळी पुरली असती. संध्याकाळी ती परत येताच साडू उडी मारून उतरले असते, आणि मुकादमाच्या कुऱ्हाडी कुठं लांब नव्हत्या.

बर्फवाल्यानं तोंड मिटलं. घोंगडी काढून खुंटीला अडकवली. दोन्ही हातांनी पँट मागून वर ओढली.

"सरक," तो म्हणाला, आणि माझ्या शेजारी लादीवर बसला.